आठ दिवसांनी म्हणजे नक्की किती दिवसांनी? ग्राहक-नोंदीच्या सॉफ्टवेअरमध्ये तारखांमधलं अंतर मोजताना

1 जुलै 2025, मंगळवार. आमच्याकडे नव्यानं लागलेल्या मुलीनं थकबाकीची यादी एक्सेलमध्ये काढली आणि घाबरून मला हाक मारली, "ताई, मणेराजुरीच्या अण्णांची उधारी 45,839 दिवसांची दाखवतंय!" म्हणजे सव्वाशे वर्षांची. अण्णांच्या पणजोबांनी बागेत फवारणी करायचा ब्लोअर नेला असता तरी इतकी थकली नसती.

अण्णांचं बिल झालेलंच नव्हतं. बिलाच्या तारखेचं फील्ड रिकामं होतं. एक्सेल रिकामा खण शून्य धरतं, आणि एक्सेलचा दिवस क्रमांक 1 म्हणजे 1 जानेवारी 1900. आजच्या तारखेतून शून्य वजा केलं की आजच्या तारखेचा क्रमांकच हाती येतो. त्या मंगळवारी तो 45,839 होता, इतकंच.

सांगलीत ब्लोअर, फवारणी पंप, ठिबकचं सामान विकणाऱ्या दुकानात मी बसते. गिऱ्हाईक बहुतेक तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडचं. एन्क्वायरी, कोटेशन, डेमो, डिलिव्हरी, सर्व्हिस, वसुली सगळं आता सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि या प्रत्येक गोष्टीत शेवटी एकच प्रश्न येतो, किती दिवस झाले? नव्या माणसाला वाटतं, दोन तारखा वजा केल्या की झालं. वजाबाकी खरंच सोपी आहे. घोळ तिच्याआधी होतो.

पायरी 1: कुठून कुठपर्यंत, आणि आजचा दिवस धरून की सोडून

ही पायरी कागदावर करायची, सॉफ्टवेअर न उघडता.

आपली मराठी दिवस मोजते ती पहिला दिवस धरून. बारसं बाराव्या दिवशी करतात तेव्हा जन्माचा दिवस मोजलेला असतो. सात दिवसांच्या चक्राला आपण आठवडा म्हणतो आणि "आठ दिवसांनी या" म्हणतो. मंगळवारी आलेल्या शेतकऱ्यानं "आठ दिवसांनी फोन करा" म्हटलं, तर त्याच्या मनात पुढचा मंगळवार असतो. "पंधरा दिवसांनी" म्हटलं तर त्याच्यापुढचा मंगळवार. सॉफ्टवेअरला मात्र 1 जुलैत 8 मिळवायला सांगितले, तर ते 9 तारखेच्या बुधवारी नेऊन ठेवतं आणि 15 मिळवले तर 16 तारखेच्या बुधवारी. म्हणून आमच्याकडचा नियम असा: आठ दिवस म्हणजे अधिक 7, पंधरा दिवस म्हणजे अधिक 14, आणि "महिन्यानं" म्हणजे पुढच्या महिन्याची तीच तारीख. "चार दिवसांनी बघू" ही तारीखच नाही. तिथं उलट विचारायचं.

वजाबाकी पहिला दिवस सोडते. 1 जुलै ते 8 जुलै, अंतर 7. दोन्ही दिवस धरायचे असतील तर अधिक 1. भाड्यानं दिलेला पंप किती दिवस वापरला, हे दोन्ही दिवस धरून. तक्रार सोडवायला किती दिवस लागले, हे पहिला दिवस सोडून. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. एकाच रिपोर्टात दोन्ही पद्धती मिसळल्या की भांडणं सुरू.

आता "कुठून". उधारीचंच घ्या. गिऱ्हाईक जीएसटी नोंदणीचं असेल, समजा एखादी नर्सरी, तर बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत की त्याला घेतलेलं टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची वजावट, परत फिरवावं लागतं. म्हणजे हे घड्याळ बिलाच्या तारखेला सुरू होतं. उलट बाजूला, कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या सूक्ष्म किंवा लघु कारखानदाराकडून आपण नोझल आणले, तर 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे. हे दिवस माल स्वीकारल्यापासूनचे. बिल 1 तारखेचं आणि माल 6 तारखेला आला, तर दोन घड्याळांत पाच दिवसांचा फरक पडतो. सॉफ्टवेअरमध्ये नुसतं "तारीख" नावाचं फील्ड असेल, तर तो फरक कोणालाच दिसणार नाही. बिलाची तारीख, माल पोचल्याची तारीख, मशीन चालू करून दिल्याची तारीख, ही तीन फील्डं वेगळी ठेवा. वॉरंटी यातल्या कोणत्या तारखेपासून, ते कंपनीच्या कार्डावर बघून तेच फील्ड धरा.

पायरी 2: फील्डमध्ये खरंच तारीख आहे का

दिसायला तारीख आणि असायला तारीख यात फरक आहे. मेकॅनिक मोबाइलवरून यादी पाठवतो, आपण ती शीटमध्ये चिकटवतो आणि तिथून सॉफ्टवेअरमध्ये चढवतो. त्यात 05/07/2025 लिहिलेलं असतं. आपल्यासाठी ती 5 जुलै. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर ती 7 मे. अंतरात 59 दिवसांचा फरक, आणि कुठंही लाल खूण येत नाही. 25/07/2025 असेल तर उलट बरं, कारण पंचविसावा महिना नसतोच, त्यामुळे शीट ती तारीख मानत नाही, मजकूर समजून डावीकडे चिकटवून ठेवते. तारीख मानली असेल तर ती उजवीकडे सरकते. म्हणजे चढवण्याआधी कॉलमवर नजर टाका. काही डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या तर डावीकडच्या सुधारून भागणार नाही. उजवीकडच्या, म्हणजे ज्यांत दिवस 12 किंवा त्याच्या आत आहे, त्या जास्त धोक्याच्या. शीटची भाषा-प्रदेशाची सेटिंग भारताची करा आणि यादी पुन्हा चिकटवा.

मेकॅनिकना आम्ही आता महिना अक्षरात लिहायला लावलाय. 5 जुलै 2025. कुरकुर झाली, पण घोळ थांबला.

दुसरी गोष्ट म्हणजे फील्ड नुसत्या तारखेचं आहे की तारीख-वेळेचं. "नोंद केव्हा झाली" हे सॉफ्टवेअर आपोआप भरतं ते बहुतेक ठिकाणी तारीख-वेळेचं असतं. आपण हातानं बनवलेलं "डेमोची तारीख" नुसत्या तारखेचं. सेल्सफोर्स नावाच्या ग्राहक-नोंदीच्या सॉफ्टवेअरमध्ये हे दोन एकमेकांतून वजा करायला गेलात तर सूत्र घेतलंच जात नाही, आधी दोन्ही एका जातीचे करावे लागतात. काही सॉफ्टवेअरमध्ये उत्तर दिवसांत न येता मिनिटांत येतं, मग 1,440 नं भागायचं. पहिल्यांदा उत्तर हजारांत दिसलं तर हा भागाकार राहिलाय का ते बघा.

पायरी 3: सूत्र बसवणं

सेटिंगमध्ये जाऊन नवीन फील्ड घ्या, प्रकार "फॉर्म्युला", उत्तराचा प्रकार आकडा, दशांश शून्य. सूत्र मराठीत सांगते, सॉफ्टवेअरमध्ये फंक्शनची नावं यादीतून निवडायची:

जर नोंदीची तारीख रिकामी असेल, तर रिकामं ठेव.
नाहीतर, जर बंद झाल्याची तारीख रिकामी असेल, तर आजची तारीख वजा नोंदीची तारीख.
नाहीतर, बंद झाल्याची तारीख वजा नोंदीची तारीख.

पहिली ओळ अण्णांसाठी. ती नसेल तर तुमच्याकडेही कुणाची तरी सव्वाशे वर्षांची उधारी निघेल, नाहीतर एरर येईल. दुसरी ओळ चालू तक्रारींसाठी, तिसरी संपलेल्यांसाठी. पुष्कळ जण नुसतं "आज वजा नोंद" लिहितात. मग मागच्या वर्षी दोन दिवसांत मिटलेली तक्रारही रोज एकेक दिवसानं म्हातारी होत राहते.

वजाबाकीचा क्रम कायम ठेवा, नंतरची तारीख आधी लिहायची. वसुलीत "देय तारीख वजा आज" असं केलंत तर मुदत उलटल्यावर उत्तर उणे येतं. चालेल, पण मग सगळीकडे तसंच करा. आम्ही "आज वजा देय तारीख" ठेवलंय, त्यामुळे शून्याच्या वर गेलं की फोन करायचा.

एक खोच सांगते. "आज" वापरलेलं फील्ड काही सॉफ्टवेअर उघडल्या क्षणी नव्यानं मोजतात, काहींत मात्र ती नोंद कुणी उघडून सेव्ह करेपर्यंत जुनाच आकडा राहतो. तुमच्याकडचं कोणत्या जातीचं आहे ते ओळखायला एक नोंद आज बघा, हात लावू नका, उद्या परत बघा. आकडा हलला नसेल तर हे अंतर फील्डमध्ये न ठेवता रिपोर्टात काढा.

पायरी 4: पहाटे पावणेपाचची तक्रार

द्राक्षवाला पहाटे फवारणी करतो. ब्लोअर पडतो तोही पहाटेच. 8 जुलैला पहाटे 4:40 ला कुणी मोबाइलवरून तक्रारीचा फॉर्म भरला, तर सॉफ्टवेअर आतल्या आत ती ग्रीनिच वेळेनं साठवतं. आपली घड्याळं ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढं. म्हणजे आत नोंद झाली 7 जुलै, रात्री 11:10.

पडद्यावर वेळ बरोबर दिसते, कारण दाखवताना सॉफ्टवेअर ती आपल्या वेळेत बदलतं. पण तारीख-वेळेतून नुसती तारीख काढणारं फंक्शन, सेल्सफोर्समधलं डेटव्हॅल्यू, ग्रीनिचची तारीख काढतं. त्यामुळे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात आलेली प्रत्येक तक्रार एक दिवस आधीची ठरते. मेकॅनिक त्याच दिवशी सकाळी आठला बागेत पोचला तरी रिपोर्टात "1 दिवस लागला". आमचा मेकॅनिक यावरून आठवडाभर माझ्याशी धड बोलत नव्हता, आणि चूक त्याची नव्हती.

उपाय साधा आहे. तारीख काढण्याआधी वेळेत साडेपाच तास मिळवा. ही फंक्शनं दिवसाला 1 धरतात, म्हणून 5.5 भागिले 24. आपल्याकडे घड्याळ उन्हाळ्या-हिवाळ्यात पुढंमागं करत नाहीत, त्यामुळे हा आकडा बाराही महिने तोच राहतो.

तासांत हिशेब हवा असेल तर तारीख काढूच नका. तारीख-वेळेतून तारीख-वेळ वजा करा आणि 24 नं गुणा. रात्री 10 ला आलेली तक्रार सकाळी 8 ला मिटली तर उत्तर 0.4167 दिवस, म्हणजे 10 तास. तारखांनी मोजलंत तर तोच 1 दिवस.

पायरी 5: सुट्ट्या

इथं घाई केली तर चालेल, पण एकदा नीट बसवा. एक्सेल आणि गूगल शीट्समध्ये नेटवर्कडेज नावाचं फंक्शन आहे. ते शनिवार-रविवार सुट्टी धरतं. आमचं दुकान शनिवार-रविवार चालू आणि सोमवारी बंद. त्याच्या नेटवर्कडेज.इंटल नावाच्या भावंडात साप्ताहिक सुट्टीचा क्रमांक देता येतो. फक्त रविवार 11, फक्त सोमवार 12, आणि तसंच पुढं फक्त शनिवार 17 पर्यंत. सूत्रात त्याच्या पुढच्या जागी सणांच्या सुट्ट्यांची यादी जोडायची.

लक्षात ठेवायची गोष्ट एकच. ही दोन्ही फंक्शनं दोन्ही टोकं धरून मोजतात. त्याच दिवशी मिटलेल्या तक्रारीलाही 1 म्हणतात. शनिवार 5 जुलैची तक्रार मंगळवार 8 जुलैला मिटली, तर साधं अंतर 3. आमच्या सुट्टीप्रमाणे शनिवार, रविवार, मंगळवार असे 3, त्यातून 1 वजा, म्हणून 2. शनिवार-रविवार सुट्टी धरली असती तर वजा करून 1. तक्रार एकच, उत्तरं तीन. कोणतं वापरायचं ते मालकांना एकदाच विचारून भिंतीवर लावा.

पूर आला आणि दुकानच बंद राहिलं, तर ते दिवसही याच यादीत टाकायचे. ऑगस्ट 2019 चा महापूर ज्यांनी पाहिलाय त्यांना हे सांगावं लागत नाही.

पायरी 6: महिने आणि वर्षं दिवसांनी मोजू नका

वर्षाची वॉरंटी म्हणजे अधिक 365, असं लिहिलेलं सूत्र मला तीन दुकानांत सापडलंय. 10 ऑक्टोबर 2023 ला 365 मिळवले की 9 ऑक्टोबर 2024 येतं, कारण मध्ये 29 फेब्रुवारी होता. 10 ऑक्टोबर 2024 ला 365 मिळवले की 10 ऑक्टोबर 2025 येतं. एका गिऱ्हाइकाची वॉरंटी 9 ला संपते, दुसऱ्याची 10 ला. आणि नेमका 10 तारखेला पंप जळालेला माणूस दुकानात उभा असतो. महिने मिळवणारं फंक्शन वापरा, एक्सेलमध्ये त्याचं नाव एडेट. 12 महिने मिळवा आणि 1 दिवस वजा करा, दोघांचीही 9 तारीख येईल. 31 जानेवारीत एक महिना मिळवला तर ते समजून 28 किंवा 29 फेब्रुवारी देतं.

पूर्ण वर्षं-महिने मोजायला डेटडिफ आहे. सूत्र लिहिताना एक्सेल त्याचं नाव सुचवत नाही, पण पूर्ण टाइप केलं की चालतं. त्यातला "महिने सोडून उरलेले दिवस" हा पर्याय कधी कधी चुकीचं उत्तर देतो, हे मायक्रोसॉफ्टनं स्वतःच लिहून ठेवलंय. तेवढा टाळा.

दोन फील्डं, फक्त आपल्या भागासाठी

पहिलं, "छाटणीची तारीख". द्राक्षवाला बागेचं वय छाटणीपासून दिवसांत सांगतो, "बाग पस्तीस दिवसांची झाली". फळछाटणी झाल्यावरचे पहिले दोन महिने फवारणीची धांदल असते. तेव्हा ब्लोअर बंद पडून चालत नाही. त्यामुळे सर्व्हिसचा फोन छाटणीच्या आधी जायला हवा, आणि छाटणीनंतरच्या दिवसांत आलेली तक्रार यादीत वर यायला हवी. "आज वजा छाटणीची तारीख" या एका फील्डवर आमची अर्धी सर्व्हिस चालते. शेतकरी छाटणीचा दिवस धरून मोजतो की सोडून, ते त्यालाच विचारा. एका दिवसानं बाग बिघडत नाही, पण "माझी बाग तुम्हाला जास्त कळते का" हे ऐकायला मिळतं.

दुसरं, "ऊस गेल्याची तारीख". "उसाचं बिल आलं की देतो" हे आमच्याकडचं सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य असावं. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत कारखान्यानं पैसे द्यायचे असतात. म्हणून वसुलीच्या फोनची तारीख आम्ही त्या फील्डमध्ये 15 मिळवून काढतो. त्याआधी फोन केला तर गिऱ्हाईक चिडतं, आणि त्याचं बरोबरच असतं.

पायरी 7: कोटेशन किती दिवस पडून आहे

इथं नवी माणसं हमखास "शेवटचा बदल" हे तयार फील्ड वापरतात. ते फसवं आहे. कोटेशन महिन्यापूर्वीचं असतं, कुणीतरी काल गावाच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो, आणि कोटेशन एक दिवसाचं होऊन बसतं. प्रत्येक टप्प्याची स्वतंत्र तारीख हवी. टप्पा "कोटेशन दिलं" झाला की सॉफ्टवेअरनंच त्या दिवसाची तारीख "कोटेशनची तारीख" मध्ये टाकावी आणि ती नंतर बदलू नये, असा नियम वर्कफ्लोमध्ये, म्हणजे आपोआप होणाऱ्या कामांच्या सेटिंगमध्ये, लावता येतो. जुन्या नोंदींसाठी मात्र वह्या काढून हातानंच भरावं लागतं. आम्हाला दोन रविवार लागले.

मग सरासरी काढताना जपून. पाच कोटेशनं 3, 4, 5, 6 आणि 400 दिवसांत मिटली, तर सरासरी 83.6 येते. पाचातल्या एकाचंही काम त्याच्या आसपास झालेलं नाही. मधला आकडा 5 हेच खरं चित्र. त्या 400 दिवसवाल्याला वेगळा फोन करा, बहुतेक त्यानं ब्लोअर दुसरीकडून घेतलेला असतो.

थकबाकीचे गट पाडताना 0 ते 30, 31 ते 60, 61 ते 90 आणि 90 च्या वर असं लिहा. 0-30 आणि 30-60 लिहिलं की तिसाव्या दिवसाचं बिल दोन्हीकडे दिसतं आणि बेरीज टॅलीशी जुळत नाही.

पायरी 8: खोट्या गिऱ्हाइकावर तपासणी

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये "तपासणी ग्राहक" नावाचं एक खातं आहे. त्याच्या नावावर बोटांवर मोजता येतील अशा नोंदी आहेत. 28 फेब्रुवारी 2024 ते 1 मार्च 2024, उत्तर 2 यायला हवं. 28 फेब्रुवारी 2025 ते 1 मार्च 2025, उत्तर 1. आज ते आज, 0. एक नोंद पहाटे 4:40 ची. एक शनिवार ते मंगळवार. एकात बंद झाल्याची तारीख रिकामी, एकात दोन्ही रिकाम्या. सूत्राला हात लावला की आधी या नोंदी बघायच्या, मगच रिपोर्ट मालकांकडे. आणि फील्डच्या नावातच पद्धत लिहा, "तक्रारीपासून दिवस, पहिला सोडून". नाव लांबतं, पण नवीन माणसाला विचारावं लागत नाही.

अण्णांचं बिल शेवटी त्याच आठवड्यात झालं. परवा त्यांचा फोन आला तेव्हा तो त्याच मुलीनं घेतला. पलीकडून नेहमीचं, "चार दिवसांनी बघू पोरी." तिनं पेन उचललं, "अण्णा, चार दिवसांनी म्हणजे शुक्रवारी लावू का फोन?" थोडा वेळ शांतता. मग, "शुक्रवारी नको गं, अमावस्या आहे. शनिवारी लाव." तिनं शनिवारची तारीख टाकली आणि सेव्ह केलं.